क्रॉनमध्ये &> वापरलं की लॉग रिकामा येतो

प्रश्न
उबुंटू २२.०४. क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) याच्या यादीतली, म्हणजे क्रॉनटॅबमधली, ओळ:

`30 2 * * * ./बॅकअप &> नोंद.लॉग`

टर्मिनलवर हीच कमांड चालवली की आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलमध्ये येतात. क्रॉनमधून बॅकअप होतो, पण लॉग शून्य बाइटचा. परमिशन ठीक आहेत.

उत्तर १
टर्मिनलवर तुमचं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) बॅश आहे, क्रॉन मात्र साधं एसएच वापरतो. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश. `&>` ही बॅशची सोय, डॅशला ती ठाऊक नाही; आणि वाईट म्हणजे तो तक्रारही करत नाही. तो ओळ अशी वाचतो:

`./बॅकअप & > नोंद.लॉग`

म्हणजे बॅकअप बॅकग्राउंडला सोडला, आणि पुढच्या रिकाम्या कमांडने फाइल कोरी केली. खरं आउटपुट क्रॉनच्या मेलमध्ये जातं. मशीनवर मेल सर्व्हर नसेल तर ते टाकूनच दिलं जातं. सिस्लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदींमध्ये) तशी ओळ सापडेल.

प्रश्नकर्ता
`./बॅकअप 2>&1 > नोंद.लॉग` केलं. आउटपुट आलं, एरर अजून मेलमध्येच.

उत्तर २
क्रम उलटा झालाय. शेल रिडायरेक्शन (आउटपुट दुसरीकडे वळवणं) डावीकडून उजवीकडे लावतं. १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे एरर. `2>&1` म्हणजे १ आत्ता जिथे जातोय तिथेच २ पाठव. त्या क्षणी १ मेलकडे जात होता, म्हणून २ तिकडे गेला. नंतर १ फाइलकडे वळवला तरी २ जागचा हलत नाही. फाइल आधी, जोडणी नंतर:

`./बॅकअप > नोंद.लॉग 2>&1`

हे बॅश, डॅश दोन्हीत चालतं. `&` आणि 1 मध्ये जागा सोडू नका. `&` विसरलात तर `1` नावाची फाइल तयार होईल.

उत्तर ३
वरचं बरोबर, पण `>` रोज रात्री कालचा लॉग पुसणार. मागचं हवं असेल तर `>>` वापरा, `2>&1` तसंच शेवटी.

फाइलच्या नावात डेट कमांडने तारीख घालणार असाल तर क्रॉनटॅबमध्ये प्रत्येक `%` च्या आधी `\` द्या. नाहीतर क्रॉन पहिल्या `%` पाशी कमांड तोडतो आणि उरलेला मजकूर तिला इनपुट म्हणून देतो. डेट कमांडभोवतीचा `$( )` कंस अर्धवट राहतो, आणि मग बॅकअपच सुरू होत नाही.