मदत हवी आहे: १९६८ ची फियाट डिलाइट घरीच उभी करायची आहे (इंजिन जाम, फ्लोअर कुजलेला)

नमस्कार मंडळी,

आजोबांची फियाट ११०० डिलाइट मालवणच्या घरामागच्या मांगरातून उचलून कोल्हापूरला आणली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसी, स्टिअरिंगवर गिअर. आजोबा गेल्यापासून तिथेच उभी होती. वर कौलं होती, पण बाजू उघड्या, त्यामुळे ओल आणि खारा वारा दोन्ही तिला भरपूर मिळाले.

पुढून हँडल लावलं तर इंजिन तसूभरही फिरत नाही. ऑइल काळं आहे, पण त्यात पाणी दिसत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचला की भोक पडतं, दारांखालच्या पट्ट्याही तशाच. ब्रेकचं पेडल सरळ खाली जातं. काचा, डॅशबोर्ड, पुढची जाळी मात्र शाबूत. आरसी बुक आहे, आजोबांच्याच नावावर.

गल्लीतल्या मिस्त्रींचं म्हणणं, "हे इंजिन भंगारात घाला, मारुती व्हॅनचं इंजिन-गिअरबॉक्स बसवून देतो, ॲव्हरेज पण मिळेल." मला ते पटत नाही. पण हट्ट धरण्यात अर्थ आहे का, तेही कळत नाही. बाइकची कामं मी स्वतः करतो. पाने, जॅक, ग्राइंडर आहेत. कारचं इंजिन कधी उघडलेलं नाही आणि वेल्डिंग येत नाही. घरी काय करता येईल, बाहेर काय द्यावं आणि सुरुवात कुठून करू?

पानापक्कड
आधी एक सांगतो, बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. पिस्टनच्या अडकलेल्या रिंगा तुटतील नाहीतर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे पडतील.

चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता. भोकांवर फडकं टाकून पंधरा दिवस विसरून जा, मधे पातळी उतरली तर पुन्हा भरा. मग गाडी टॉप गिअरला टाकून दोघांनी मागे-पुढे हलकेच झुलवा. एखादा इंच जरी हललं तरी काम झालं समजा, पण लगेच पूर्ण फिरवायची घाई नको. पहिल्यांदा हँडल मारताना प्लग बाहेरच हवेत, आतलं डिझेल पिचकारीसारखं उडतं. त्यानंतर जुनं ऑइल काढून टाका, डिझेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं.

नाहीच हललं तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढावं लागेल. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे स्टडभोवती गंज चढून हेड धरून बसतं. नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. छिन्नी घालून उचकटायचा मोह अजिबात नको. हेड निघालं की पुढचं काम घरचं नाही. बोअर तपासणं, हेड फेस करणं, व्हॉल्व्ह सीट बदलणं हे उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये द्या. कोल्हापुरात राहून या कामाला मुंबई गाठू नका, लोक हसतील.

लांबीवाला
इंजिनापेक्षा मला फ्लोअरची काळजी वाटते. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. दारांखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर मिळून सगळा भार पेलतात. ते एकदम कापलं तर गाडी मधे बसते आणि पुन्हा दारं लागत नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टॅक करून घ्या, मग एक बाजू कापा, नवा पत्रा लावा, आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात घाला.

वेल्डिंग सीओटूचंच (विजेवरचं, वायरवालं) करून घ्या. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. डेंटर "वरून लांबी भरून देतो" म्हणाला तर चहा पाजून घरी पाठवा. सीट, मॅट, ट्रिम काढणं, गंज घासणं, रेड ऑक्साइड प्रायमर मारणं हे तुम्ही करा, मजुरी बरीच वाचेल. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड घ्या.

जुनाखोड
मिस्त्रींना नाही सांगायचं आणखी एक कारण. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. व्हॅनचं इंजिन बसलं की ती वाट बंद. शिवाय इंजिनबदल आरसीवर चढवून घ्यायची कटकट वेगळीच.

मात्र विंटेज नोंदणीत गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. विंटेज नोंदणी किंवा नेहमीची, काहीही ठरवा, वारसाहक्काने नाव बदलायचा फॉर्म ३१ आधी भरा. घरात काका-आत्या असतील तर त्यांची संमती आत्ताच घ्या, गाडी चकाचक झाल्यावर सगळ्यांना आजोबा आठवतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. इंजिन तेच ठेवायचं, हे पक्कं. डिझेल-ऑइल आजच ओततो. विंटेज नोंदणी नको वाटते, रविवारी पन्हाळ्याला जाऊन आली पाहिजे, म्हणजे नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच करावं लागेल. ब्रेकचं काम घरी करू का? आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय?

पानापक्कड
ब्रेक घरी होतील. चारही चाकांना ड्रम आहेत. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचे रबर किट नवे टाका, आतून खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला. लोखंडी पाइप गंजले असतील तर दया दाखवू नका, एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, ड्रमची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पहिली चाचणी अंगणातच. पन्हाळ्याचा उतार नंतर.

इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलचे पाइप आणि एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या. टाकी उतरवून आतला गंज साफ करा, नाहीतर तो सगळा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येऊन बसेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

लांबीवाला
फ्लोअरचे फोटो टाका, खालून काढलेले. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे बॉडीला बसतात तो भाग नीट दिसू दे. तिथलाही पत्रा गेला असेल तर खर्चाचा अंदाज बदलेल.