१९६४ च्या मुंबईच्या ब्रेबॉर्न टेस्टला इंग्लंडने दोन कीपर खेळवलेले?

कातळावरचा कीपर (रत्नागिरी)
मंडळी एक शंका आहे. आमच्या इथे कातळावर टुर्नामेंट चालू आहेत, मी कीपिंग करतो आणि बॅटिंगला येतो शेवटून दुसरा, त्यावरून टीममध्ये रोज किरकिर, की कीपरने रन करायला पाहिजेत, नायतर दुसरा कोणतरी बघू. काल चहाच्या टपरीवर शेजारचे काका म्हणाले की पूर्वी इंग्लंडात यॉर्कशायरचा बिंक्स नावाचा कीपर होता, रन करायचा नाही तरी वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावला नाही, आणि तो मुंबईला टेस्ट खेळून गेलाय तेपण ओपनर म्हणून! आता शेवटून दुसरा येणारा ओपनर कसा होतो? काका फेकतायत की खरं आहे?

दापोलीकर ८५
काका फेकत नाहीत रे, शंभर टक्के खरं आहे. जिमी बिंक्स, इंग्लंडातल्या हल गावचा, म्हणजे तोपण बंदरावरचाच माणूस 😄 १९५५ ला यॉर्कशायरकडून काउंटी चँपियनशिप (आपल्या रणजीसारखी तिथली स्पर्धा) खेळायला लागला आणि १९६९ ला रिटायर झाला, मधल्या काळात एकही चँपियनशिप मॅच चुकवली नाही, सलग ४१२! तेव्हा काउंटीत तीन दिवसांच्या मॅच असायच्या, एक संपली की सामान उचलून लगेच दुसऱ्या गावी, आणि कीपरची बोटं म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. १९६० च्या एका सीझनमध्ये त्याने १०७ विकेट घेतल्या, ९६ कॅच, ११ स्टंपिंग.
आता मुंबईचं. १९६४ चा जानेवारी, इंग्लंडची अर्धी टीम आजारी, कोणाचं पोट बिघडलेलं, बॅट्समन बॅरिंग्टनचं बोट मोडलेलं, अकरा माणसं उभी करायची मारामार. म्हणून बिंक्सला टेस्ट कॅप मिळाली आणि जिम पार्क्स हा दुसरा कीपर नुसता बॅट्समन म्हणून खेळला. त्यात मॅच चालू असताना ओपनर मिकी स्टुअर्टपण आजारी पडला, म्हणजे राहिले दहा. मग दुसऱ्या इनिंगला दुसरा ओपनर बोलसबरोबर बिंक्सला ओपनिंगला पाठवलं आणि त्याने ५५ काढले, दोघांची भागी १२५ ची. आपला लेगस्पिनर चंद्रशेखर त्याच मॅचमध्ये पहिल्यांदा खेळला. मॅच ड्रॉ, त्या सिरीजमधल्या पाचही ड्रॉच झाल्या म्हणा.

नो बॉल नाना
सगळं बरोबर, पण पुढचं सांग ना. त्यानंतर कलकत्ता खेळला आणि टेस्ट करिअर खलास, दोनच टेस्ट! का? तर पार्क्स रन करायचा. बिंक्सचं फर्स्ट क्लासमध्ये एकही शतक नाही, हायेस्ट ९५. म्हणजे रत्नागिरीकरा, तुझ्या टीमवाले आज जे बोलतायत तेच इंग्लंडचे सिलेक्टर तेव्हा बोलत होते, त्यांचं काय चुकलं?

दापोलीकर ८५
नाना, पण यॉर्कशायरने त्याला कधी बसवलं नाही ना, आणि त्याच्या काळात ते सात वेळा चँपियन झाले ते काय उगाच? तेव्हा पिचवर कव्हर घालत नसत, पाऊस पडून ऊन आलं की पिच चिकट व्हायचं आणि बॉल हातभर वळायचा. अशा पिचवर यॉर्कशायरच्याच इलिंगवर्थच्या ऑफस्पिनला स्टंपला चिकटून उभं राहायचं. बॉल आत वळून लेगला जातो, राइटी बॅट्समनचं अख्खं अंग मध्ये येतं, बॉल काही क्षण दिसतच नाही, त्यात एखादा उसळतो एखादा घोट्याखाली राहतो. तिथे कीपर जर बॉलच्या आधीच उठला तर संपलं, बॉल उठेल तसंच उठायचं, तोवर हात खालीच. एक स्टंपिंग सुटलं आणि तोच बॅट्समन पुढे ऐंशी मारून गेला, तर कीपरच्या वीस रनांचं काय लोणचं घालायचं?

मालवणी झिलगो
ह्या सगळा खरा, पण आमच्याकडे कीपर म्हणजे ज्येका बॉलिंग येत नाय आणि धावूकपण जमत नाय तो 😂 नायतर ज्येचे ग्लोव्हज तो.

नो बॉल नाना
😂 ते तर आमच्याकडेपण. दापोलीकर, मुद्दा पटला, पण चिकट पिचवरच्या तीन दिवसांच्या मॅचसाठी. इथे सहा ओव्हरची टेनिस बॉलची मॅच, स्पिनरला एक ओव्हर मिळाली तर नशीब, कीपर सगळा वेळ मागेच उभा. तिथे शेवटच्या ओव्हरला दोन सिक्स मारणारा कोणालाही जास्त लागणार.

कातळावरचा कीपर (रत्नागिरी)
नाना आमचा एक ऑफस्पिनर दोन ओव्हर टाकतो आणि कातळावर बॉल कुठे पडून कुठे जाईल याचा नेम नाही, बाईजच (बॅटला न लागता मागे सुटलेल्या बॉलचे रन) किती जातात दुसरा कोणी उभा राहिला की. रविवारी हेच सांगतो टीमला. बाय द वे बिंक्सनंतर यॉर्कशायरला कोण आला?

दापोलीकर ८५
१९७० ला डेव्हिड बेअरस्टो आला, आत्ताच्या जॉनी बेअरस्टोचा बाप. तो मात्र बॅटिंगपण करायचा, हे टीमला सांगू नको.