मोठे टायर आणि स्पीडोमीटर: आधी जीपीएसनं तपासा
दादा, २३५/७० आर १६ मापाचे टायर काढून २४५/७५ आर १६ घातल्यावर मीटर किती चुकेल, असं विचारलंय तुम्ही. जुन्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिमी, नव्याचा ७७४. म्हणजे सव्वापाच टक्के फरक, मीटर साधारण तेवढा कमी वेग दाखवेल. पण लगेच गॅरेज गाठू नका. कंपनीचे काटे बहुधा मुळातच खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतात, त्यात बराचसा फरक जिरतो. कागलकडे जाताना मोकळ्या रस्त्यावर काटा ८० वर स्थिर धरा आणि शेजारच्याला मोबाइलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा. तरीही चुकत असेल, तर केबलच्या मीटरला गिअरबॉक्समधलं स्पीडोचं गिअर बदलावं लागतं. इलेक्ट्रॉनिकला, सोय असेल तर, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरनं टायरचं माप भरता येतं. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर मात्र कुणालाही कापू देऊ नका, ब्रेकशी खेळ नको! किलोमीटरही कमी मोजले जातात: मीटरवर १०,००० म्हणजे प्रत्यक्षात १०,५०० च्या वर, ऑइल त्या हिशोबानं बदला.