प्रति: टीएलपी टाकूनही बॅटरी दोन तासांत संपते
भावा, उबुंटू लिनक्सवर टीएलपी (लॅपटॉपची बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) टाकूनही फरक नाही म्हणतोस, तर आधी पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, म्हणजे मागे चालणारी वीज-सेटिंगची सेवा, चालू आहे का बघ. तो उबुंटूत आधीपासूनच असतो, आणि दोघं प्रोसेसरच्या त्याच सेटिंगला हात घालतात. नुसता थांबवू नको, मास्क कर, म्हणजे तो सुरूच होऊ शकणार नाही असा बंद कर. नाहीतर रीबूट केलं की परत हजर.

माझा जुना थिंकपॅड लॅपटॉप कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात दिवसभर चार्जरलाच असतो. म्हणून बॅटरी लवकर खराब होऊ नये यासाठी टीएलपीच्या सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलीत चार्जिंग ७५ टक्क्यांखाली सुरू, ८० ला बंद असं लावलंय. सगळ्या लॅपटॉपात ही सोय नसते हं.

पॉवरटॉप या दुसऱ्या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचं ऑटोट्यून (सगळ्या बचतीच्या सेटिंगा एकदम लावणं) मात्र मी सोडलं. यूएसबी माउस जरा हलवला नाही की झोपायचा, आणि ऐन बिलाच्या वेळी गिऱ्हाईक तोंडाकडं बघत उभं!