अनुभव सांगा : घरचा कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा

नौपाडा, ठाणे

आमचा कॉम्प्युटर महिनाभरापासून दिवसातून तीन-चारदा थिजतोय. माउसचा बाण जागीच खिळतो, गोल चक्र फिरत राहतं, दोन-तीन मिनिटं काही हलत नाही आणि मग मधल्या वेळात दाबलेल्या सगळ्या कळा एकदम उमटतात. बाबा सत्तरीचे आहेत. सोसायटीचे हिशेब त्यावरच ठेवतात. अर्ध्यावर उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात, ते मला बघवत नाही.

मशीन २०१७चं. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला, दर वेळी पाचशे रुपये. दहा-बारा दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.

पैसे घालायच्या आधी तुमचे अनुभव ऐकायचे आहेत. काय बदललं त्यापेक्षा, दोष नेमका तिथेच आहे हे कशावरून कळलं, ते लिहा.

घणसोली

२०२० मध्ये मुलीची शाळा घरातून सुरू झाली तेव्हा आमच्याकडे हेच. मी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणायला निघालोच होतो, शेजारच्या मुलाने थांबवलं. म्हणाला, काका, आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी. सीपीयू (प्रोसेसर) ६ टक्के, मेमरी साठच्या आसपास, आणि डिस्क १०० वर चिकटलेली.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. एक बारीक हात तिच्यावर पुढे-मागे जात माहिती वाचतो. अँटिव्हायरस, अपडेट आणि आपण उघडलेली फाइल, तिघांनी एकदम मागणी केली की तो हात नुसत्या येरझारा घालतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर घेतली आणि चार मिनिटांचं सुरू होणं अर्ध्या मिनिटावर आलं. रॅम तीच राहिली.

पण ताई, तुमची रॅम ४ जीबीच आहे. मेमरीचा आकडा नव्वदच्या वर आणि डिस्कही १०० दिसली, तर मूळ दुखणं रॅमचं असू शकतं. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते, आणि मग डिस्क दमते. दोन्ही आकडे एकत्र बघा.

कासारवडवली, घोडबंदर रोड

आमचं कारण धूळ. समोर मेट्रोचं काम, खिडक्या लावूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. मुलगा खेळायला बसला की बरोबर पंधरा-वीस मिनिटांनी सगळं जड व्हायचं, फॅन मिक्सरसारखा ओरडायचा. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक. वेळ ठरलेली होती, तिथेच संशय आला.

तापमान दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर टाकलं तर प्रोसेसर ९७ अंशांवर. इतका तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. झाकण काढलं तर हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये अक्षरशः नमदा बसला होता. प्लग काढून, मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं (फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग खराब होऊ शकतं). प्रोसेसरवरची, उष्णता हीट सिंककडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवीन लावली. आता खेळतानाही सत्तरच्या आत राहतो.

ऐरोली

एक साधी परीक्षा सांगतो. थिजला की कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे, तो कशाची तरी वाट बघतोय. दिवाही हलत नसेल तर पूर्ण ठप्प, आणि मग रॅम, ताप, वीजपुरवठा अशा गोष्टींकडे बघायचं.

आमचा दिवा हलायचा नाही. घर खाडीच्या बाजूला, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. विंडोजची मेमरी डायग्नॉस्टिक, म्हणजे रॅमची चाचणी, रात्री लावली, तिने चुका दाखवल्या. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून तपासलं, तर दोन्ही चांगल्या! दोष संपर्काचा होता. सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच घासली, भुगा झटकला, कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवल्या. तीन पावसाळे झाले, दर जूनमध्ये हे करतो.

वाशी

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते. एक दुकानदाराने टाकलेला, एक भावाने. एक काढला, मशीन मोकळं झालं.

सीबीडी बेलापूर

नौपाड्याच्या ताई, कृपा करून आज दुसरं काही करू नका, आधी हे वाचा.

फॉरमॅटनंतर दहा दिवस बरा आणि मग पुन्हा तेच, हे माझ्याकडे शब्दशः असंच झालं होतं. डिस्क मरत होती. तबकडीवरचे काही भाग खराब झाले की ड्राइव्ह तिथलं वाचायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ अख्खं मशीन तिच्यासाठी थांबतं. फॉरमॅट केल्यावर नव्या फाइली काही दिवस चांगल्या भागात पडतात, म्हणून बरं वाटतं. रात्री शांतता असताना कॅबिनेटला कान लावला तर टिक, टिक, मग बारीकसा खर्र असा आवाज यायचा. मला वाटायचं फॅनला वायर लागतेय.

मी कुठेतरी वाचून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावलं, चुका शोधून दुरुस्त करण्याचा पर्याय निवडून. आधीच थकलेल्या डिस्कला अथपासून इतिपर्यंत वाचायला लावलं. पहाटे तीनला ती बंद पडली, पुन्हा दिसलीच नाही. तिच्यावर माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मामाच्या गावी २०१४ मध्ये मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या, चाळीसेक. आई २०१८ मध्ये गेली. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी बाहेरच्या डिस्कवर महत्त्वाच्या फाइली उतरवा, सगळ्यात मोलाच्या सगळ्यात पहिल्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. निळ्या चौकटीत ‘गुड’ असेल तर उत्तम. पिवळ्यात ‘कॉशन’ असेल तर ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची (डिस्कला वाचता न आलेल्या भागांची) ओळ बघा. तिथे शून्याऐवजी आकडा दिसला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, डिस्क बदला.

कळवा

मी चाळीस वर्षं वायरमन होतो. ताई, कॉम्प्युटर कुठल्या बोर्डावर लावलाय तेही बघून घ्या. आमच्या घरी फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच ढिल्या एक्स्टेन्शनवर होते. कॉम्प्रेसर सुरू झाला की कॉम्प्युटर रिस्टार्ट. एक्स्टेन्शन फेकलं, वेगळा पॉइंट काढला, अर्थिंग तपासलं. त्रास संपला.

नेरूळ

विंडोज १० बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित सपोर्ट संपला, आणि सातव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आमच्या तशाच मशीनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. मराठी टायपिंग चालतं, एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. सासऱ्यांना जागा बदललेली बटणं शोधायला आठवडा लागला, आता ते त्यावर रोज पेपर वाचतात.

नौपाडा, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, बेलापूरच्या ताईंचे विशेष. तुमचं वाचलं त्याच संध्याकाळी बाहेरची डिस्क आणली.

कॅप्स लॉकचा दिवा हलत होता. मेमरी ६५ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि वाचण्याचा वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली. बाबांचा ‘सोसायटी’ फोल्डर पहिला उतरवला, त्यालाच पावणेदोन तास लागले. बाकीचं रात्रभर चाललं होतं, मी दर तासाला उठून बघत होते. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. पिवळी चौकट, पेंडिंग सेक्टरसमोर आकडा. कान लावला तर टिक टिकही ऐकू आली.

आता एसएसडी बसवली आहे आणि ४ जीबीची आणखी एक पट्टी. मदरबोर्ड तोच आहे, पाच दिवसांत एकदाही अडकला नाही. कळव्याचे काका, विजेचा बोर्डही बदलून घेतला. मिंटबद्दल बाबांशी बोलणं चालू आहे.

‘सोसायटी’मधल्या दोन फाइली मात्र आल्या नाहीत, जून आणि जुलैच्या. बाबांनी पावती पुस्तकं काढली आहेत. ते वाचतात, मी टाइप करते. जून काल रात्री पूर्ण झाला.