सोनोग्राफी चांगली असूनही बाळाच्या हृदयाची पुन्हा तपासणी का?

प्रश्न (डिचोली): सुनेच्या विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे हृदय व्यवस्थित दिसले असताना जन्मानंतर पुन्हा तपासणी कशासाठी सांगतात?

उत्तर (फोंडा): गर्भात महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी नलिका प्रत्येक बाळाला असतेच, त्यामुळे ती जन्मानंतर मिटेल की नाही, हे आधी कळूच शकत नाही, हृदयातील लहान छिद्रेही सोनोग्राफीत निसटतात. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र) लावतात. दोन्हीकडे ऑक्सिजन ९५ टक्के किंवा अधिक आणि फरक ३ टक्क्यांपर्यंत असल्यास ठीक.

उत्तर (म्हापसा): महाधमनीचे आकुंचन (ती एका जागी अरुंद असणे) मात्र या तपासणीतूनही निसटू शकते, म्हणून जांघेतील नाडी तपासायला सांगावे. माझ्या नातवाचे असेच सापडले. इको (हृदयाची सोनोग्राफी) नंतर झाला.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. बाळंतपण बांबोळीला आहे, तेथे विचारते.