मेंदूचा ‘रेझिलियन्स’: प्रतिकारशक्ती, लवचिकता की तग?

प्रश्न : नागपुरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी अल्झायमरविषयी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहे. ‘ब्रेन रेझिलियन्स’ या संज्ञेपाशी काम अडले आहे. मंडळातील काही जण ‘प्रतिकारशक्ती’ म्हणा असे सांगतात, काही ‘लवचिकता’ सुचवतात आणि एका परिचित डॉक्टरांनी ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द दिला आहे. संशोधक ज्या अर्थाने ही संज्ञा वापरतात, त्याला यांपैकी कोणता शब्द जवळचा आहे?

उत्तर : नमस्कार. माझ्या मते तिन्ही शब्द बाजूला ठेवून ‘तग धरणे’ या आपल्या रुळलेल्या वाक्प्रचाराकडे वळावे. त्याची कारणे या संशोधनातच आहेत.

अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रकारचे बिघाड दिसतात. बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर पेशींच्या बाहेर साचतात आणि टाऊ या प्रथिनाचे गुंते चेतापेशींच्या आत होतात. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले, तिच्या मेंदूत या दोन्ही खुणा होत्या. खुणा जितक्या जास्त तितकी विस्मृती जास्त, असे हे सरळ नाते असावे अशी पुढे बराच काळ समजूत होती. मात्र रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली वृद्धाश्रमातील १३७ व्यक्तींच्या मरणोत्तर तपासणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांत १० जण असे निघाले की ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, तरी हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. त्यांचे मेंदू वजनाने जास्त होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशींची संख्याही अधिक होती. ‘रेझिलियन्स’चा सारा विचार अशा माणसांभोवती फिरतो : बिघाड आत शिरला आहे, मुक्काम करून बसला आहे, आणि तरीही माणसाचे रोजचे व्यवहार चालू आहेत.

आता शब्द तपासू. ‘प्रतिकारशक्ती’ म्हटले की रोगाला उंबरठ्यावरच अडवणे मनात येते. शास्त्रज्ञ त्या गोष्टीसाठी ‘रेझिस्टन्स’ ही वेगळी संज्ञा वापरतात. वय होऊनही ज्यांच्या मेंदूत थर आणि गुंते अपेक्षेपेक्षा कमी साचतात, त्यांच्यासाठी ती आहे. तिथे ‘प्रतिरोध’ शोभेल. दोन्हींना एकच शब्द दिला तर ज्या भेदावर ही चर्चा उभी आहे तोच पुसला जाईल. ‘लवचिकता’ हा शब्द चांगला आहे, पण मेंदूच्या जोडण्या अनुभवाने बदलतात त्या गुणासाठी, म्हणजे ‘प्लॅस्टिसिटी’साठी, तो आधीच वापरात आहे.

‘तग’ या शब्दात संकट गृहीतच असते. पावसाने ओढ दिली की आपल्या विदर्भात ‘सोयाबीन माना टाकू लागले, पण तुरीने अजून तग धरला आहे’ असे शेतकरी सहज बोलून जातो. तुरीचे मूळ खोल जाते, म्हणून ती तगते. पाऊस मात्र तिच्याही वाट्याला आलेला नसतो. त्रास दोघांना सारखाच, टिकाव एकाचा अधिक, हाच अर्थ आपल्याला हवा आहे. नाम हवे असेल तर ‘तगक्षमता’ करता येईल, पण वाक्यात शक्यतो क्रियापदच ठेवावे.

या संदर्भात ‘रिझर्व्ह’ ही आणखी एक संज्ञा भेटते. शिक्षण, व्यवसाय, वाचन, माणसांतला वावर यांतून आयुष्यभर जमलेली बौद्धिक पुंजी, असा तिचा अर्थ आहे आणि याकोव्ह स्टर्न यांनी ती विस्ताराने मांडली. परकीय चलनासाठी वर्तमानपत्रे वापरतात तो ‘गंगाजळी’ हा शब्द मला इथे फार आवडतो. गंगाजळी आधी साठते, तग नंतर धरला जातो. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली आणि निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक आढळला. इतर देशांतील निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे यावरून कोणालाही हमी देऊ नये. पण भाजीवाल्याशी हिंदीत भाव करता करता शेजारणीशी मराठीत बोलणाऱ्या नागपूरकर आजींना हा परिच्छेद आपलासा वाटेल. माहितीपत्रकात तो अवश्य घ्यावा.

पुरवणी प्रश्न : ‘स्थितिस्थापकता’विषयी आपण काही लिहिले नाही. शिवाय ‘तग’ हा शब्द पेशींच्या पातळीवर चालेल का?

उत्तर : ताणलेले रबर सोडल्यावर मूळ आकारात येते, त्या गुणधर्माला भौतिकशास्त्रात ‘स्थितिस्थापकता’ म्हणतात. इथे मूळ स्थितीत परतणे अभिप्रेत नाही. साचलेले थर तसेच राहतात आणि मेंदू त्यांच्यासह काम करीत राहतो, म्हणून हा शब्द वाचकाला चुकीची आशा दाखवील.

पेशींच्या पातळीवर ‘तग’ उत्तम चालतो. कोलंबियातील एका मोठ्या कुटुंबात अल्झायमर घडवणारा जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून दोष असलेल्यांची स्मृती साधारण चाळिशीच्या मध्यावर ढासळू लागते. त्यांतल्या एका स्त्रीला मात्र सत्तरी उलटेपर्यंत लक्षणे दिसली नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीनुसार तिच्या मेंदूत अमायलॉइड प्रचंड होते, पण टाऊचे गुंते तुलनेने कमी होते, आणि एपीओई या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल होता. तिच्या बाबतीत दोन्ही शब्द लागतात : अमायलॉइड असूनही मेंदूने तग धरला आणि टाऊला प्रतिरोध केला. २०२४ साली ४८ व्यक्तींच्या मेंदूंतील पेशींचा जनुकीय अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात खुणा असूनही बुद्धी टिकलेल्यांच्या मेंदूत ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींमधील कोलीन या पोषकद्रव्याच्या चयापचयाशी निगडित जनुके वेगळ्या प्रकारे कार्यरत दिसली. ‘या आधारपेशींचा मेंदूला तग धरण्यात हातभार असावा’ हे वाक्य मराठीत कुठेही अडखळत नाही.

आणखी एक सूचना करतो, आणि ती मला प्रतिशब्दाहून महत्त्वाची वाटते. खुणा आहेत पण लक्षणे नाहीत, अशा माणसाला माहितीपत्रकात ‘रुग्ण’ म्हणू नये. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या २०२४ च्या निकषांनुसार जैविक खुणांवरून रोगाचे निदान करता येते, तर तज्ज्ञांचा दुसरा गट लक्षणांवाचून रोग म्हणायला तयार नाही. लक्षणे नसलेल्यांची अशी तपासणी दैनंदिन वैद्यकीय व्यवहारात करू नये, असे पहिला गटही सांगतो. हा वाद मिटेपर्यंत ‘मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेली व्यक्ती’ असे लांबलचक का होईना, पण पूर्ण लिहावे.